तीनपत्तीत नसलेली चाल

प्रिय नलूआत्या,

परवा रविवारी प्रणालीला पाहायला पाहुणे येणार आहेत. अकोल्याचे. मुलगा बँकेत आहे म्हणे. हे मला तिनेच मेसेज करून कळवलं आणि खाली लिहिलं, 'तू येऊ नको. मी सांगेन तेव्हा ये.'

मेसेज वाचला आणि मी गाडीची किल्ली उचलली. मोताळा मागे टाकून नांदुऱ्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा कुठे डोक्यात आलं, की खामगावला जाऊन मी जाणार कोणाकडे? आजवर डोकं फिरलं की तुझ्याकडे यायचो. तू आधी पाणी द्यायचीस, मग पत्ते पिसायचीस आणि मग विचारायचीस, "हं, सांग आता. कोणाचं डोकं फोडायचं हाय?" आता तुझ्या दाराला कुलूप आहे. तुझ्या समोरचं दार गवई काकांचं, म्हणजे प्रणालीच्याच बाबांचं. तिथं तर जायचं नाही असं ती सांगून बसली.

गाडी एका बाभळीखाली लावली, खूप वेळ उभा राहिलो आणि परत आलो. म्हणून लिहितोय. शेतातल्या खोलीत बसलोय, बाहेर बाबा वांग्यांना पाणी देतायत. तुझ्याशी बोलल्याशिवाय हा डाव मला कळणार नाही, आणि गणपतीत तू गेल्यापासून तर मी एकही डाव खेळलेलो नाही. कोणासोबत खेळू? गावातले पोट्टे तीनपत्ती खेळतात. मला आता ती जमत नाही. बिघडवून ठेवलंस मला!

आठवतं का गं, बंगलोरहून मयूरदादाकडून परत आलीस ते? सगळ्यांना वाटलं, साडी आणली असेल, चंदनाचं काही आणलं असेल. तू पिशवीतून प्लॅस्टिकच्या पत्त्यांचे दोन जोड काढलेस. दादा आणि त्याचे मित्र शनिवार-रविवार पोकर खेळायचे आणि तू त्यांना चहा करून द्यायचीस. चहा देता देता डाव कळला तुला. मुलींच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, तुला तो कळायचाच. दादा मला नंतर म्हणाला, "तिसऱ्या आठवड्यात आई खुर्ची ओढून आमच्यात बसली. चौथ्या आठवड्यात माझे मित्र यायचे बंद झाले."

मी तेव्हा कॉलेजसाठी तुझ्याकडेच राहायला होतो. तू मला आणि गवई काकांना मागच्या पडवीत बसवलंस आणि मधे श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलास. आत सीताफळाच्या बिया. धुतलेल्या, वाळवलेल्या, काळ्या चकचकीत.

"हे काय मॅडम?" काका म्हणाले. तू त्यांच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, तरी ते तुला मॅडमच म्हणायचे.

"बी हाय. एक बी म्हणजे एक बी. ज्याले पैसे लावाचे असतीन, त्यानं उठून जावं."

"मंग जीव कसा लागीन खेळात?"

"लागते कंडक्टर, लागते. बी सरली की मी चहा देणार नाही."

आणि खरंच द्यायची नाहीस! पहिले कितीतरी दिवस मी चहाशिवाय राहिलो.

दोन पत्ते हातात, पाच पत्ते मधे सगळ्यांचे मिळून. मधले पत्ते एकदम उघडायचे नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचा. आणि दर वेळी बिया लावायच्या. समोरच्याने लावल्या तितक्या आपणही टाकून डावात राहायचं, तो कॉल. नाही तर पत्ते खाली ठेवायचे. मला वाटलं, यात काय आहे? पोळ्याला आमच्या गावात देवळामागे तीनपत्ती बसते, तिथं मी आठवीपासून खेळतोय. तिथला एकच कायदा. पत्ते न पाहता चाल करायची, आणि पॅक केलं, म्हणजे पत्ते टाकून दिले, तर सगळे मिळून चेष्टा करणार, "काऊन बे, आई बोलावून राह्यली का?" म्हणून आमच्याकडे कोणी पॅक करतच नाही. हातात काही नसलं तरी छाती पुढे काढून बसतो.

तोच मी तुझ्या पडवीत येऊन बसलो. काकांनी बिया लावल्या की मी टाकायचो. तू लावल्यास की टाकायचो. हसायचीस तू. चिडायचो मी.

काका एसटीत कंडक्टर होते, हे मी विसरलो होतो. तेच एकदा म्हणाले, "तिकीट न काढलेला माणूस मी पाठमोरा ओळखतो लेका. तू तं माह्या समोर बसला हायेस."

बदामाचा डाव आठवतो? मी तो कधी विसरणार नाही. माझ्या हातात बदामाचे दोन पत्ते, मधे उघडलेल्या चारांत आणखी दोन. शेवटचा पत्ता राहिलेला. बदाम आला की एकाच रंगाचे पाच झाले, डाव माझा. मधे वीस बिया होत्या. काकांनी मिशीवर बोट फिरवलं आणि आणखी वीस सरकवल्या. मी लगेच मूठ भरली.

"थांब," तू म्हणालीस. "किती पत्ते तुले वाचवतात?"

"बदाम तेरा. चार दिसले. नऊ राह्यले."

"न दिसलेले पत्ते किती?"

"शेहेचाळीस."

"म्हणजे?"

"म्हणजे... पाचात एक."

"आणि भाव काय भेटून राह्यला? मधे चाळीस झाल्या, तुले वीस टाका लागतात. तिनात एकदा लागला असता तरी बरोबरीत सुटला असता. तुहा पाचात एकदा लागते. मंग काऊन टाकतं?"

"आत्या, ते थापा मारून राह्यले! तोंड पाह्य ना त्यायचं!"

"ते थापा मारो नाही तर आरती म्हणो. तुह्या हातात आत्ता काय हाय? काहीच नाई. मधे शंभर पडल्या असत्या आणि तुले दहा टाका लागल्या असत्या, तं मीच म्हटलं असतं, टाक. पाचात एक वाईट नसते रे. पाचात एक कितीले भेटते, ते पाहा लागते."

मी ऐकलं नाही. टाकल्या. शेवटचा पत्ता उघडला, बदामाची दश्शी! मी उडीच मारली. पडवीच्या पत्र्याला डोकं आपटलं. काका पण हसले, "घे बाप्पा, लागला तुहा!"

तू मात्र कपाळाला हात लावलास.

"जिंकला ना पोरगा मॅडम, मंग आता काऊन?"

"तेच तं वाईट झालं," तू म्हणालीस. "चुकीचं खेळून हरला असता तं शिकला असता. चुकीचं खेळून जिंकला. आता हा जन्मभर असंच करीन."

मला किती राग आला होता तुझा! माझा चांगला जिंकलेला डाव नासवलास, असं वाटलं. त्या दिवशी चहा दिलास, पण साखर कमी होती. मुद्दाम केलं होतंस ना?

प्रणाली आधी फक्त काकांना जेवायला बोलवायला यायची. मग उभी राहून पाहू लागली. मग एक दिवस तू तिला पत्ते वाटायला बसवलंस, "तुह्या बापावर माहा भरवसा नाही, वाटताना खालचा पत्ता पाह्यते थो." लॅबमधून आली की ती यायची. दिवसभर लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी आमचे पत्ते पिसायची. पिसताना खालचा ओठ दाताखाली धरते ती, तुला माहीत आहे? आणि जोड इतका सरळ करते की कडेला नख लागत नाही. मी तिच्या बोटांकडे पाहत बसायचो आणि माझे पत्ते काय आहेत तेच विसरायचो.

एकदा काका उठून गेल्यावर तू मला विचारलंस, "शुभ्या, चार दिवसांपासून तू सगळेच डाव सोडून राह्यला. अक्कल आली की दुसरं काही झालं?"

मी पत्ते गोळा करायला लागलो.

"दुसरं झालं," तूच म्हणालीस, आणि बिया डब्यात भरायला लागलीस. दुसरं एक अक्षर बोलली नाहीस. रागावली नाहीस, 'ते कोण, आपण कोण' काढलं नाहीस. आपल्या घरात किती जणांनी गवई काकांच्या घरचं पाणी घेतलंय? तू मात्र रोज सकाळी त्यांच्याकडचा पेपर वाचायला जायचीस आणि त्यांच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीखालच्या खुर्चीवर बसून चहा पिऊन यायचीस. बाबांना हे माहीत होतं का? मला कधी कळलं नाही.

तुझ्यावर माझा एक राग आहे, तोही सांगतो. कॉलेज सोडलं त्या दिवशी तू मला काहीच का नाही बोललीस? प्रॅक्टिकलला सर सगळ्यांसमोर बोलले, मी वही टेबलावर आपटली आणि निघून आलो. पुन्हा गेलो नाही. तू फक्त म्हणालीस, "पत्ते टाकून दिले?" मी म्हणालो, "हो." तू म्हणालीस, "बरं." एवढंच! मला वाटत होतं, तू ओरडशील, कान धरून परत नेशील. आई असती तर तिने नेलं असतं. तू मला मोठा समजलीस, आत्या, आणि मी मोठा नव्हतो.

असो. तो डाव झाला. आता या डावाचं सांग.

परवा मी तिथं गेलो तर काय होईल, हे मी बाभळीखाली उभं राहून मोजत होतो. मी दारात उभा राहणार. पाहुणे पोहे खात असणार. काका विचारणार, "काय रे?" आणि मी काय सांगणार? माझ्याकडे अर्धी डिग्री आहे, बापाच्या नावावर वांगी आहेत आणि डोकं आहे असं तापलेलं. प्रणाली मान खाली घालणार. ती घालेल, कारण तिने येऊ नको म्हटलं होतं. मग मला जायचं तरी कशाला होतं? खरं सांगू? जिंकायला नाही. तिच्या मनात काय आहे, ते पाहायला. ती त्या बँकवाल्याकडे कशी पाहते, ते पाहायला!

तुझ्या पडवीत हेच तर व्हायचं. शेवटचा पत्ता उघडलेला असायचा, मी हरलोय हे मला कळलेलं असायचं, आणि तरी मी काकांच्या बरोबरीने बिया टाकायचो.

"आता काऊन टाकल्या? हरला हे तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मंग?"

"त्यायच्यापाशी काय हाय ते पाहायचं होतं."

"पाहाले एवढं देतं? अरे, मले विचारलं असतं तं फुकट सांगतलं असतं!"

काका पत्ते पालथे करून, हसत डबा जवळ ओढायचे, "येऊ द्या मॅडम. असे पाहणारे आहेत म्हणून तं आमाले चहा भेटते."

तुझी शेवटची दुपार मला रोज आठवते. दवाखान्यातून घरी आणली होती तुला. पडवीत खाट टाकली होती. दम लागायचा तुला, पण पत्ते हवे होते. प्रणालीने वाटले, तुझ्या उशीवर टेकवून ठेवले. त्या डावात काकांची आणि तिची पाळी होऊन गेली होती, कोणी बिया लावल्या नव्हत्या. माझी पाळी आली. हातात बऱ्यापैकी पत्ते होते, खूप चांगले नव्हते. मी सवयीने मूठ भरली.

"कोणी काही लावलं का तुह्यावर?" तू विचारलंस.

"नाही."

"मंग चेक म्हण ना. तेही एक राहणंच असते."

"काही न टाकता?"

"काही न टाकता. डावात हायेस, पत्ते तुह्याच हातात हायेत." मग थोडा दम खाल्लास. "तुमच्या तीनपत्तीत चेक नाही. पाळी आली की टाका, नाही तर पॅक व्हा. म्हणून तुम्ही पोट्टे असे झाले. तिसरं काही असते हे ठाऊकच नाही तुमाले."

काका म्हणाले, "बोलू नका मॅडम, दम लागते."

"कंडक्टर, तुमी पत्ते पाहा तुमचे."

मी चेक म्हणालो. त्या डावात पुढे काय झालं ते मला आठवत नाही. मला तुझा तो आवाज आठवतो. मला तेव्हा ते पोकरचं बोलणं वाटलं होतं.

प्रणाली मला सोडून देते असं म्हणालेली नाही. काकांनी मला नाही म्हटलेलं नाही. त्यांना मी कधी काही विचारलंच नाही. कोणी माझ्यावर काही लावलेलं नाही, आत्या! आणि मी मूठ भरून नांदुऱ्याच्या रस्त्याला लागलो होतो.

रविवारी मी इथंच राहणार आहे. वांगी तोडणार. सोमवारी लिहितो.

*

सोमवार नाही, आज रविवारच आहे. संध्याकाळ. थांबवत नाही म्हणून लिहितोय.

सकाळपासून बाबांसोबत वांगी तोडत होतो. भरताची, हिरवी, तुला आवडायची ती. काटे लागतात हे माहीत असून हातमोजे घातले नाहीत. काहीतरी टोचत राहिलं तर बरं वाटेल, असं झालं होतं. फोन खिशात. दर ओळीच्या शेवटाला काढून पाहायचो. बाबा दोनदा पाहून न पाहिल्यासारखं करून राहिले. मग म्हणाले, "आज काऊन एवढा गप हाय? बरं नाई का?"

"बरा हाय."

"मंग देठ जरा लांब ठेव ना. कापून राह्यला का उपटून राह्यला?"

दुपारी भाकर खाल्ली. पाहुणे आले असतील. चहा झाला असेल. ती निळी साडी नेसली असेल का? हे सगळं डोक्यात चाललं होतं आणि मी मात्र बांधावर बसलेलो. असं काही न करता बसणं मला आजवर कधी जमलं नव्हतं. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, ताप आला याला.

उन्हं कलली आणि फोन वाजला. प्रणाली नाही, गवई काका! मी बाबांपासून लांब, विहिरीकडे गेलो.

"काय रे, कुठी हाय?"

"वावरात, काका."

"आज आला नाहीस?"

"कुठी काका?"

"कुठी म्हणजे? माह्या घरी. मले वाटलं, पाहुण्याइच्या पुढ्यात येऊन उभा राह्यतं का काय. मी सकाळपासून फाटकाकडे पाहून राह्यलो होतो."

"तुमाले माहीत हाय?"

"अबे, दोन वर्षं तुह्या तोंडासमोर बसून पत्ते खेळलो मी. ते तोंड का तोंड हाय? एसटीचा बोर्ड हाय, दुरून वाचता येते!" मग आवाज जरा बदलला त्यांचा. "पाहुणे गेले. चांगले होते लोकं. पोरगी नाही म्हणाली. त्यायच्यासमोर नाही, आत येऊन मले म्हणाली. मी विचारलं, काऊन? तं तुहं नाव घेतलं."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो.

"आयकून राह्यला का?"

"हो काका."

"आता हे आयक. मी हो म्हणून राह्यलो नाही. मले लय विचाराचं हाय तुले. शिक्षणाचं विचाराचं हाय, पुढं काय करतं ते विचाराचं हाय. पण तू आज आला असता, तं तुले दारातूनच वापस लावून दिलं असतं. आला नाहीस, म्हणून फोन केला. येजो. पण एकटा नोको येऊ."

"म्हणजे?"

"बापाले घेऊन ये. तुह्या बाबाले माहीत हाय का, कोणाच्या घरी येऊन राह्यला ते? माहीत नसन तं आधी सांग. माही पोरगी लपून कोणाच्या घरी जाणार नाही. पुढच्या दारातून जाईन, नाही तं जाणार नाही. समजलं?"

"समजलं."

"मॅडम असत्या तं त्यायनंच सांगतलं असतं तुह्या बापाले," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

काकांनी शेवटी जे म्हटलं, त्यावरच मी अडकलोय. तू बाबांना का नाही सांगितलंस? थोरली बहीण होतीस त्यांची. जगात एक तुझंच ऐकायचे ते. तुला सगळं कळलेलं होतं, मग एवढं एक काम करून का नाही गेलीस? तुला वेळ नव्हता, की माझ्यासाठी मुद्दाम ठेवून गेलीस? मुद्दाम ठेवलं असशील तर फार अवघड ठेवलंस, सांगून ठेवतो!

इतके दिवस मला वाटत होतं, माझ्यासमोर काका बसलेत. समोर तर बाबा होते. आणि त्यांच्याशी मी कधी खेळायलाच बसलो नाही.

आता चेक म्हणता येत नाही. आता विचारलंय मला.

बाबा हो म्हणतील का? मी विहिरीच्या कठड्यावर बसून मोजलं. पाचात एक. जास्त धरलं तर स्वतःला फसवल्यासारखं होईल. गावात काय म्हणतील हे त्यांना फार असतं. चुलते आहेत, त्यांची तोंडं आहेत. पण तू विचारायचीस ना, किती पत्ते तुला वाचवतात? मी आठवून पाहत होतो तर एक गोष्ट अचानक समोर आली. तुला नेताना गवई काका फाटकापाशी बाजूला उभे होते. हात मागे बांधून. आपल्या लोकांत यावं की नाही, त्यांना कळत नव्हतं. बाबांनी मागे वळून पाहिलं. तिरडी उचलायची होती, सगळे घाई करत होते. बाबा म्हणाले, "गवईभाऊ, या ना. तुम्ही लावा खांदा. रोज तं तुमीच होते तिच्याजवळ." आणि आपली जागा त्यांना दिली. मी तेव्हा रडत होतो, मला ते दिसलं पण कळलं नाही. चुलत्यांना कळलं. परत येताना ते बाबांशी बोलले नाहीत. बाबांनीही त्यांना बोलायला लावलं नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं, तू रोज कुठे चहा प्यायचीस.

पाचात एक, आत्या. पण ते कितीला मिळतंय, ते पाहिलं मी. फार फार तर काय जाईल? ते ओरडतील. चार दिवस बोलणार नाहीत. कदाचित हात उचलतील, तोही सोसेन. आणि मधे पडलंय ते केवढं आहे, ते तुला सांगायला नको. तू तिला पत्ते पिसताना पाहिलंयस.

आता वचन देतो, आणि हे वचन तुलाच देतोय, म्हणून मोडता येणार नाही. बाबांचा आवाज चढला तरी माझा चढणार नाही. ते नाही म्हणाले तर मी गाडीची किल्ली घेणार नाही. तिथंच बसेन. ते जेवले की ताटं उचलेन, सकाळी त्यांच्याबरोबर वावरात येईन, आणि पुन्हा विचारीन. अर्धं राहिलेलं शिक्षण त्यांनी काढलं तर वर पाहून उत्तर देईन, सरांवर ढकलणार नाही. आणि काकांच्या घरी जाणं झालं किंवा न झालं, प्रणालीला माझ्याकडून एकही असं वाक्य जाणार नाही ज्यात तिला दोष असेल. तिने तिच्या घरात जे एकटीने केलं, तेवढं मला माझ्या घरात करता यायला हवं.

बाबांनी मोटर बंद केली. पाटाच्या पाण्यात पाय धुतायत. मला हाक मारतायत, वांग्याचे कॅरेट उचलायचे आहेत. एका बाजूने ते धरतील, एका बाजूने मी. बांधापर्यंत दोघंच असू.

येतो आत्या.

तुझा,
शुभम